निकालाखालची माझी सही

मुलाकडे उइटहॉर्न या डच गावात राहायला आले त्याला आता तीन वर्षं होतील. घरातल्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे: मी एका जागी बसत नाही. नातीला शाळेत सोडलं की नदीकाठाने चालत सुटते, मग पाऊस असो की वारा. घरी येऊन भाजी चिरायला घेते आणि अर्ध्यावर उठते. "आजी, यू आर डूइंग इट अगेन," नात म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

जन्मभर बसून काम केलेल्या बाईला आता बसवत नाही, याचं त्यांना हसू येतं. तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून रुजू झाले तेव्हा मला 'साहेब' म्हणावं की 'बाई', या पेचात साक्षीदार पडायचे. पुढे जिल्हा न्यायाधीश झाले आणि शेवटची सात वर्षं उच्च न्यायालयात होते. तिथे माझ्यासमोर मुख्यतः फौजदारी अपिलं यायची. अपिलात साक्षीदार समोर नसतो, त्याची जबानी कागदावर असते. तो कुठे अडखळला असेल, कुठे त्याला कुणी पढवलं असेल, हे त्या ओळींतून हुडकायचं. मला ते जमतं, असा माझा समज होता.

गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला मुलगा मला ओढूनच घेऊन गेला. एका शाळेच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. चकलीची बशी घेऊन मी खिडकीशी उभी होते. तिशीची एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "काकू, तुम्ही हायकोर्टात होतात ना?"

अशी ओळख कुणीतरी काढतंच. मी हसून हो म्हटलं.

ती फेल्डहोवनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर होती. गाव विचारलं तर तिने तालुक्याचं नाव सांगितलं, आणि मग वडिलांचं. मला तो खटला लगेच आठवला.

तिचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. चुलतभावाच्या खुनाबद्दल सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली होती. अपील आम्हा दोघा न्यायाधीशांपुढे आलं. सगळा खटला एका साक्षीदारावर उभा होता. त्याने म्हणे तिन्हीसांजेला बांधाच्या पलीकडून त्यांना ओळखलं होतं.

"तुम्ही सरकारी वकिलांना विचारलं होतंत, 'त्या वेळी उजेड किती होता?'" ती म्हणाली. "मी पंधरा वर्षांची होते, मागच्या बाकावर. त्यांना उत्तर देता येईना. आईने माझा हात घट्ट धरला. आम्हाला वाटलं, बाबांना घेऊनच घरी जायचं. मग काय झालं, मॅडम?"

काकूची मी मॅडम झाले होते.

"निकालात कारणं दिलेली असतात," मी म्हटलं. "त्याबाहेर मला काही बोलता येत नाही."

"निकाल पाठ आहे मला," ती म्हणाली आणि निघून गेली.

खरं तर काय झालं ते मला पक्कं आठवत होतं. माझे सहकारी माझ्यापेक्षा ज्येष्ठ होते, अपील फेटाळायचं त्यांनी ठरवलं होतं. मी वेगळा निकाल लिहायला घेतला, चार पानं लिहिलीही. मतभेद झाला असता तर प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशापुढे गेलं असतं. चहा घेताना ते म्हणाले, "एवढ्या संशयावर माणसं सोडायला लागलो तर कोर्टं बंद करावी लागतील." मी त्या खंडपीठावर नवी होते. चार पानं फाडली आणि त्यांच्या निकालाखाली सही केली. सहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वडिलांना निर्दोष सोडलं. कारण तेच, उजेड. ती बातमी वाचून मी पेपर घडी घालून ठेवला आणि कामाला गेले.

फराळानंतर मात्र माझं चालणं वाढलं. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी एक. सून म्हणाली, "आई, हाउसआर्ट्सकडे जाऊन या, एकदा बीपी तरी बघतील." मी त्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आले. बीपी ठीक होतं.

महिन्याभराने मंडळातल्या एका बाईंकडून त्या मुलीचा नंबर मिळवला. 'भेटायला येऊ का?' एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: शनिवारी या.

ट्रॅमने झुइड स्टेशनला, तिथून ट्रेनने आइंडहोवनला आणि पुढे बस. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. तिने दार उघडलं, कोट घेतला, चहा ठेवला. मी चहाची वाटही पाहिली नाही.

"मला शंका होती," मी म्हटलं. "वेगळा निकाल लिहायला घेतला होता. फाडला. सहकाऱ्यांना दुखवायचं धैर्य झालं नाही."

तिने ओट्याशी पाठमोरी राहूनच चहा गाळला. "तुम्ही लिहिला असता तर तिसऱ्या न्यायाधीशांकडे गेलं असतं ना?"

"हो."

"बारावीत असताना मी हे वाचून काढलं होतं." ती वळली. "बाबा सुटल्यावर चार वर्षं जगले. ते म्हणायचे, त्या बाईंना कळलं होतं. मी म्हणायची, कळलं असतं तर सोडलं नसतं का? आमची त्यावरून भांडणं व्हायची."

मी माफी मागितली. तिने कप माझ्यापुढे ठेवला. चहा आम्ही दोघींनी प्यायला.

ती सायकल हातात धरून बसथांब्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली. बस दिसल्यावर म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आईला मी हे सांगणार नाही. तुम्हीही पुन्हा येऊ नका, मॅडम. रागाने नाही म्हणत."

मी पुन्हा गेले नाही. मुलाला मी हे सगळं परवा सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "आई, असे आणखी निकाल आहेत?"

"एक आहे," मी म्हटलं, आणि कोट चढवून बाहेर पडले. या वेळी तोही माझ्याबरोबर आला.