दुसऱ्या कडव्यातला थांबा

१४ डिसेंबर, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. माझी मुलगी गौरी गिटार घेऊन समोर बसली. जात्यावरच्या ओव्या, माळावरची गाणी आणि परदेशी ब्लूज संगीतातली उदासी यांतून तिने आपल्या दिवंगत आईवर गाणे रचले आहे. कुणाच्या कानात सांगावे, इतक्या हलक्या आवाजात ती गाते. मी आयुष्यभर तबला शिकवला. बोटे सवयीने मांडीवर मात्रा मोजू लागली. दुसऱ्या कडव्यात ती मध्येच थांबली.

"सम हुकली," मी म्हणालो.

"हुकली नाही, बाबा. पोळ्या लाटताना आई हीच ओवी गायची, तेव्हा तिला तिथेच दम लागायचा. तुम्ही बाहेरच बसलेले असायचात ना?"

मी बाहेरच बसलेला असे. त्या थांब्यालाही मी रोज चूकच म्हणत आलो. गाणाऱ्याच्या श्वासालाही गाण्यात जागा असते, हे मला या वयात कळावे, याची लाज वाटते.

गिटार गवसणीत घालता घालता गौरीने विचारले, "रविवारी नाट्यगृहातल्या माझ्या कार्यक्रमातही पहिल्या रांगेतून टोकणार का, मास्तर?"

संध्याकाळी संयोजकांना फोन करून मी माझी खुर्ची शेवटच्या रांगेत मागून घेतली.