पाचवा स्क्रू

लेन्स साफ करायला आलेल्या त्या कारागिराचं नाव मी विचारलं नाही. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात त्याने पाऊल टाकलं तेव्हापासूनच मला त्याचा संशय होता. बाबांच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बुरशी चढली होती आणि लेन्स हलवली की खुळखुळायची. "गंगाजीची सीलन, घाटावरची ओल, दुसरं काय!" बाबा म्हणायचे.

त्याने तोंडाला रुमाल बांधला, परात मागून घेतली, तिच्यात पांढरं फडकं अंथरलं आणि सुटा केलेला एकेक भाग ओळीने मांडला. काच पुसताना मधूनच तो माझ्याकडे बघायचा.

"बाबा, लक्ष ठेवा. असे लोक चांगली काच काढून हलकी बसवतात," मी मराठीत म्हटलं. बाबा पेपरातच होते. मग मीच मोजत बसले. चार स्क्रू निघाले, चारच परत बसले. पण मधे त्याने चिमट्याने काहीतरी उचलून मुठीत लपवलं होतं.

जिन्यात मी त्याला अडवलं. "मुट्ठी खोलिए."

तळव्यावर तिळाएवढा स्क्रू होता.

"भीतर खुला पड़ा था, दीदी," तो हळूच म्हणाला. "पहले घर में किसी ने खोला है. बाबूजी के सामने क्या बोलते?"

दोन वर्षांपूर्वी, बाबा पुण्याला गेलेले असताना, ती लेन्स मीच उघडली होती.

"काय गं, नेलं का काही त्याने?" वरून बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि स्क्रू घेऊन मूठ मिटली.