रस्त्याच्या मधोमध

शेणव्याच्या फाट्यावर हा माणूस मला रोज दिसतो. नाव ठाऊक नाही. सगळे काका म्हणतात. भर उन्हातही अंगात कोपरावर विरलेला स्वेटर. एसटी दिसली की रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरतो. दुसरं करणार काय? थांब्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या वाडीतल्या बायका दिसल्या, की अर्ध्या रिकाम्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी पुढे दामटतो! बायका चढल्या की काका बाजूला होतात. आत बसलेले आम्ही "टाइम गेला" म्हणून कुरकुरतो. मीही कुरकुरलोय.

परवा टपरीवर वाद चालला होता. उद्या मेट्रो आसनगावापर्यंत आली, तर गावच्या एसट्या ठेवायच्या की बंद करायच्या? मी ऐटीत म्हणालो, "मेट्रो आल्यावर हे खटारे हवेत कशाला?"

काकांनी चहाचा ग्लास आपटला. "हात केला तं थांबल काय तुमची मेट्रो?"

"स्टेशनात थांबेल ना."

"स्टेशन वाडीवर येल काय? नाय ना! मंग मेट्रो आना, दोन आना, पन एसटी ऱ्हाऊ द्या."

मला राग आला. "तुम्ही स्वतः कुठे जाता हो एसटीने?"

"मी कुठंच जात नाय," काका म्हणाले. "जाता तुमी. बाया खिडकीतून दिसतात तुमाला. पन दोरी ओढून घंटी मारायला एकाचाबी हात उठत नाय, म्हनून मला रस्त्यात उभं ऱ्हावं लागतं."