आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद

क्लबचे दोन्ही गोलपोस्ट मी धरणात बुडवले. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही, निसर्गाचाही नाही. आमचं मैदान उजनीच्या पोटात आहे. भिगवणच्या अलीकडे, उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी मागं सरकलं की जी सपाट, भेगाळलेली जमीन उघडी पडते, तिच्यावर आमचा फुटबॉल क्लब फेब्रुवारीपासून जूनपर्यंत खेळतो. पाणी परत यायच्या आत पोस्ट उपटायचे, ट्रॉलीत घालायचे आणि वर आणायचे, हे सेक्रेटरीचं काम. सेक्रेटरी मी. त्या वर्षी आमच्याकडे आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. म्हटलं, पोरांना रविवारी कंपनीची सुट्टी असते, रविवारी काढू. पाऊस पुण्याच्या वर पडतो आणि पाणी आमच्या दारात येतं, हे आमच्याकडं शाळेची पायरी न चढलेला माणूसही जाणतो. मी बी.ए. आहे. गुरुवारी वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि शनिवारी आमच्या पेनल्टीच्या जागेवरून मासेमाऱ्याची होडी गेली. क्लबचे सगळ्यात जुने सदस्य किसनतात्या तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बारामतीला होते. जाताना मला बजावून गेले होते, "बाभळीच्या बुंध्याला पाणी लागलं की पोस्ट काढा, सेक्रेटरी. आभाळाकडं बघत बसू नगा." मी आभाळाकडं बघत बसलो.

ते तात्या जाऊन आता दोन महिने होतील. बातमी आली तेव्हाही मी शहाणपणा केलाच. लोणी देवकरला कंपनीत ड्यूटीवर होतो. महिन्याचा पहिला आठवडा. तात्यांचा नंबर मोबाईलवर दिसला. पहिल्या आठवड्यात तात्यांचा फोन म्हणजे वर्गणीचा तगादा. क्लबचे खजिनदार दुसरेच कुणी होते, पण तगादा तात्या लावायचे. मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा उचलून, पलीकडून काही ऐकायच्या आत म्हणालो, "तात्या, देतो हो, उद्या नक्की देतो." आवाज आला तो शांताकाकूंचा, तात्यांच्या बायकोचा. "तात्या न्हायत आता," त्या म्हणाल्या, "पहाटंच गेलं. झोपेतच." आणि वर, "वर्गणी निवांत द्या." त्या माउलीनं तशा वेळीही मला सांभाळून घेतलं. मशीन बंद करून मी बाहेर आलो आणि कंपनीच्या गेटवर नुसता उभा राहिलो.

तात्या आयुष्यात एकदाही फुटबॉल खेळले नाहीत. तरुणपणी दौंडच्या लोकोशेडला बदली कामगार म्हणून वर्षभर होते, तिथं रेल्वेवाल्यांचा खेळ पाहिला, तेवढीच दीक्षा. पुढं बारामतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत खेळ बघायचं वेड काही सुटलं नाही. मी एकदा भोचकपणे विचारलं होतं, "तात्या, आपल्याकडं कुस्ती, कबड्डी सोडून तुम्हाला हा फुटबॉल कुठून चिकटला?" ते गाडीचा आवाज ऐकून दोष सांगावा तितक्या शांतपणे म्हणाले, "गावच्या तालमीत आमच्या वस्तीच्या पोरांना कुनी ये म्हणलं न्हाय. दौंडला मैदानाच्या कडंला बसलो, तर कुनी उठ म्हणलं न्हाय. मग बसलो." ते तसेच बसून राहिले, चाळीसेक वर्षं. आमच्या मैदानावर त्यांची जागा म्हणजे मासळीचं रिकामं प्लास्टिकचं क्रेट, ते उपडं टाकून गोलच्या बरोबर मागं. बाजूला बसायला सांगितलं तर म्हणायचे, "बाजूनं पळापळ दिसती. मागनं चुका दिसत्यात."

क्लबच्या भवितव्याबद्दल आणि तिजोरीबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ते हायवेच्या चहाच्या टपरीवर, आम्हाला नको असताना, सविस्तर सांगायचे. आमची हौस म्हणजे नवी जर्सी, मोठा चषक, फ्लेक्स, आणि बक्षीस लावून भरवलेल्या स्पर्धा. एकदा एका दुकानदारानं सगळ्या संघाला जर्सी देऊ केली, अट एवढीच की पाठीवर त्याचा फोटो. मी तर होकार देऊनही आलो होतो. तात्या म्हणाले, "पोरगं गोल करून वळलं की टाळ्या कुणाला? फोटूला." चषकांबद्दल त्यांचं म्हणणं, की चषक जिंकला की आपण तो टपरीत ठेवतो आणि त्याच्यात चहावाला सुट्टे पैसे ठेवतो, मग सरळ गल्लाच विकत घ्या. पण हे सगळं वरवरचं. त्यांचं खरं दुखणं एकच होतं, मैदान. "जूनमधी पोरगं डाव्या पायानं मारायला शिकतं," ते म्हणायचे, "आन् फेब्रुवारीत परत उजव्यानं सुरुवात करतं. मधी सात म्हैनं मासं शिकत्यात. असा कुठला क्लब वर येतो?" बारामती रस्त्याला एका बागायतदाराची दोन एकर मुरमाड जमीन पडून होती. ऊस येत नाही, डाळिंब येत नाही, पण बारमाही कोरडी. मालक अकरा वर्षांच्या कराराला तयार होता, अनामत रकमेवर. तात्यांच्या मते क्लबचा प्रत्येक रुपया त्या मुरमाकडं जायला हवा होता. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "तात्या, फुकटचं एवढं मोठं मैदान सोडून भाड्याच्या खडकावर?" ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "फुकट न्हाय ते. पाणी दरवर्षी येतं आन् उठ म्हणतं."

तर अशा क्लबची एकमेव भारी वस्तू मी बुडवली. तात्या डोळ्याला हिरवा कपडा बांधूनच परत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "पाणी उतरंल तवा बघू." पुढच्या फेब्रुवारीत पाणी उतरलं तेव्हा मैदानावर चार खड्डे तेवढे होते. पोस्ट गायब. भंगारवाल्यांनी नेले, असं मी जाहीर केलं आणि चोरीचा अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात मला गती आहे. रविवारी तो घेऊन तात्यांच्या घरी गेलो. ते दोडक्याच्या मांडवाखाली बाजेवर बसले होते. त्या वर्षी त्यांनी घरासमोर ऐसपैस मांडव घातला होता, लोखंडी पायपांचा, डांबर फासलेला, वेल अजून गुडघ्याएवढेच. मी उभ्या पायपाला टेकून अर्ज वाचून दाखवला. "पांढऱ्या रंगाचे लोखंडी गोलपोस्ट, दोन नग, उंची सहा फूट..." तात्यांनी मान वर केली. एकदा वर बघितलं, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "आठ," ते म्हणाले. "उंची आठ फूट ल्या. आन् रुंदी चोवीस." त्यांच्या स्मरणशक्तीचं मला फार कौतुक वाटलं. मी खोडून दुरुस्ती केली. मग ते म्हणाले, "पर अर्ज देऊ नगा. त्या बिचाऱ्या हवालदाराला कशाला तरास." काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या चहा तसाच घेऊन पुन्हा आत गेल्या. मला वाटलं साखर विसरल्या असतील.

पोस्ट गेले म्हटल्यावर प्रश्न उभा राहिला. नवीन घ्यायचे, तर मुरमासाठी साठवलेला पैसा संपतो. मी नव्याच्या बाजूनं होतो. चूक माझी होती, ती लवकर झाकली जावी अशी इच्छा असणार. पोरंही माझ्याच बाजूनं होती. तात्या मात्र हटून बसले. "बांबू रोवा. यंदा बांबूवर खेळा." दोन उन्हाळे आम्ही बांबूवर खेळलो. बांबूला वरचा दांडा नव्हता. सुतळी बांधली की ती झोळीसारखी लोंबायची. मग चेंडू वरून गेला की खालून, याचा निवाडा तात्यांवर आला. क्रेटवर बसून ते डावा डोळा मिटायचे आणि सांगायचे, "खालनं" किंवा "वरनं". दोन्ही संघ मान्य करायचे. बारामतीच्या संघाशी शेवटची लढत होती. आम्ही एका गोलनं मागं. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरानं असा फटका मारला, की माझ्या अंगावर काटा आला. गोलकीपर जागेवर, चेंडू पार. मी नाचायला लागलो. तात्या म्हणाले, "वरनं." आम्ही हरलो. तेव्हा मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याचा सारांश "तुम्ही नक्की कुणाचे?" असा होता. तात्या क्रेट उचलून माझ्याबरोबर चालत राहिले. चढ संपल्यावर म्हणाले, "क्लबकडं पोस्ट न्हाय, मैदान न्हाय, पैसं तर न्हायतच. बारामतीची पोरं आपल्या सुतळीवर खेळायला येत्यात, ते हितलं मानूस खरं बोलतं म्हून. तेवढंच शिल्लक हाय, सेक्रेटरी. तेबी आज खर्चून टाकायचं व्हय?"

शेवटची भेट त्याच मांडवाखाली झाली. जाण्याच्या आठवडाभर आधी. त्या दिवशी मी ठराव घेऊन गेलो होतो: मुरमाचं काही जमत नाही, मालकाला भाववाढ हवी आहे, तिसऱ्या उन्हाळ्याला तरी नवे पोस्ट घ्यावेत. सदस्यांच्या सह्या झाल्या होत्या, तात्यांची राहिली होती. वेल वाळून गेले होते, नवं बी टाकायला काकू आळी करत होत्या. मी मांडवाच्या आडव्या पायपावर थाप मारली आणि विचारलं, "तात्या, हा पाईप कुठून आणला हो? असाच जाड गेज मिळाला तर आपल्या पोस्टना चांगला." तात्या म्हणाले, "आता मिळत न्हाय असला." मग ठराव बघितला, घडी केली, माझ्या खिशात परत घातला. एरवी मला चिडवायला ते 'तुमी' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "तू जा मालकाकडं. एकला जा, फायलीबिगर जा. सांग, एक म्हातारा हाय, त्याला बसायला कोरडी जागा पायजे. एवढंच सांग." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... आणि मग तो फोन आला.

तात्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला वस्ती भरली होती. बारामतीचा संघ आख्खा आला होता. मला बोलायला सांगितलं. मी बुडवलेल्या पोस्टची कबुली दिली, चोरांना शिव्या दिल्या, आणि तात्यांना ते पोस्ट पुन्हा बघायला मिळाले नाहीत याची खंत बोलून दाखवली. समोर काकूंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. ते बघून मी भाषण तिथंच आवरलं.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडं गेलो. एकटा, फायलीशिवाय. तात्यांनी सांगितलेलं वाक्य बोलायला गेलो, पण तो म्हातारा आता नव्हता, त्यामुळं वाक्य अर्ध्यातच अडकलं. मालक तात्यांना ओळखत होता. त्याचा ट्रॅक्टर तात्यांनी दोन-तीनदा दुरुस्त केला होता. त्यानं भाववाढीचा विषय काढला नाही. बांबूमुळं वाचलेला पैसा अनामत म्हणून पुरला. तीन आठवड्यांनी करार झाला.

कराराची प्रत घेऊन मी काकूंकडं गेलो. ऊन चढलं होतं. मांडव पुन्हा हिरवा झाला होता, पिवळी फुलं लागली होती, एकदोन कोवळे दोडके लोंबत होते. तात्यांची बाज होती तिथंच होती, शेजारी ते क्रेट उपडं. मी क्रेटवर बसलो नाही, बाजेवरही नाही. उभ्या पायपाला टेकून उभा राहिलो, नेहमीसारखा. काकूंनी कागद हातात घेतला. "जागा झाली म्हणायची?"

"झाली, काकू. अकरा वर्षं."

"सही शिक्का समदं?"

"सगळं."

त्यांनी कागद कपाळाला लावला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाल्या, "मग घिऊन जा आता. पर आधी दोडकं उतरू द्या. मागच्या बाजूला दुसरा हाय, कारल्याचा, तो आजच न्या."

"काय नेऊ?"

त्यांनी वर बोट दाखवलं. मी वर बघितलं. एका कोपऱ्याशी डांबराचा पोपडा निघाला होता आणि खालून पांढरा रंग दिसत होता. आडव्या दांड्याच्या मधोमध जाळी अडकवायचा आकडा होता. तो मीच वाकडा वेल्ड करून घेतला होता. आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद. मग काकूंनीच सांगितलं: त्या पहिल्या फेब्रुवारीत, रोजच्यासारखं पहाटे पाणी बघायला गेले असताना तात्यांना उतरत्या पाण्यातून वरचा दांडा बाहेर आलेला दिसला होता. एका मासेमाऱ्याला हाताशी धरून, आमच्या आधी, ते दोन्ही पोस्ट घरी घेऊन आले. सेक्रेटरीला पोस्ट सापडले की तो पुन्हा धरणात जाणार आणि मुरमाचं नाव काढणार नाही, म्हणून जागा झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं काकूंकडून वचन घेतलं होतं. दोन वर्षं दर रविवारी मी त्या मांडवावरचे दोडके पिशवी भरून घरी नेले होते.

माझ्या हाताखाली पाईप गरम लागत होता. मी म्हणालो, "काकू, एवढा समोर होता... मला कळलंच नाही हो."

काकू वेलीतून हात घालून दोडका चाचपत होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "तात्या म्हणायचं, सेक्रेटरीपासनं काय लपवायचं आसंल, तर त्याच्या डोळ्यापुढं हुबं करायचं."