दुपारी हलवलेली घरं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कॉम्प्युटरची गोष्ट, त्यात कोणाला काय रस, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे गोष्ट कोणालाही कळण्यासारखी आहे, म्हणूनच टाळली.

नोकरीतून निवृत्त होऊन मी पार्से गावात परत आलो तेव्हा करायला काही नव्हतं. काजूच्या बागेत माझं लक्ष लागत नाही, ते भाऊ आणि भावजय बघतात. मी देवळाजवळच्या वाचनालयात जाऊन बसू लागलो. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, मागच्या खोलीत जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, मेज, आणि मेजावर कोणीतरी भेट दिलेला जुना कॉम्प्युटर. त्याच्याजवळ कोणी जात नसे. मी पुस्तकं वाचून, खटपट करून त्यावर लिनक्स नावाची यंत्र चालवणारी यंत्रणा घातली आणि गावातल्या ज्याला हवं त्याला त्यात स्वतःचं नाव आणि पासवर्ड करून दिला. त्या वयात मला हे जमलं याचा मला फार आनंद होता, अजूनही आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक माणसाचं सामान ज्या फोल्डरात राहतं त्याला 'होम' म्हणतात. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. आमच्या पेडण्याकडे नवा माणूस भेटला की नावाआधी विचारतात, "घर खंय?" म्हणजे घर कुठे. यंत्रही तसंच विचारतं असं वाटे. बघता बघता आमच्या त्या जुन्या डब्यात पुष्कळ घरं झाली. भजनी मंडळाने आपली रेकॉर्डिंगं आणून ठेवली, मुलींनी कॉलेजचे प्रकल्प, एकाने तर बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो. शेवटी डिस्क भरली आणि यंत्र अडखळायला लागलं.

डिस्कचे भाग पाडता येतात. माडांच्या भाटात मध्ये बांध घालतात, तसे. आमच्या डिस्कला एकच भाग होता. यंत्रणाही त्यातच आणि लोकांचं सामानही त्यातच. मी दुसरी डिस्क बसवून तिच्यावर वेगळा भाग केला आणि ठरवलं, सगळी घरं तिकडे न्यायची. पुढे यंत्रणा कितीदा पुसून नवी घातली तरी घरांना धक्का लागणार नाही. हे मी पुढच्या खोलीतल्या वर्तमानपत्रवाल्यांना समजावून सांगितलं.

"रस्त्याखातीर घरां हालयतात तें आयकलां," त्यातला एक म्हणाला, "तुमी कशाखातीर हालयतात, भाऊ?"

"जागा पुरत नाही म्हणून."

"मागीर नुकसानभरपाई कोण दितलो?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवसांत त्या यंत्रावर सर्वांत जास्त बसणारी माझ्या शेजारची वहिनी होती. आमच्याकडे वयनी म्हणतात. घरात सासू-सासरे, नवरा, दीर, मुलगा. आणि हिला नाटक लिहायचं होतं. जत्रेला पुरुषांचं नाटक दरवर्षी होतं. त्या वर्षी पहिल्यांदा बायकांना एक रात्र मिळाली होती आणि नाटक वयनीने लिहावं असं बायकांनीच ठरवलं. दोन अंकांच्या तालमी सुरू झाल्या होत्या. तिसऱ्याची सगळ्या वाट बघत होत्या.

आधी ती मुलाच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायची. तिला कॉम्प्युटरवर मीच बसवलं. "कागद कशाला, वयनी? भिजतात, वाळवी खाते. यात घातलं की राहिलं," असं मी तिला सांगितलं होतं. शब्दही तेच. ती हळूहळू मराठी टाईप करायला शिकली आणि तिसरा अंक तिने सरळ यंत्रावरच लिहायला घेतला. त्याची कागदावर एक ओळ नव्हती.

आता त्या दिवसाचं. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की घरं हलवताना आत कोणी असता कामा नये. सगळ्यांना बाहेर काढा, मग नव्या भागात घरांची नक्कल सुरू करा. मी ते वाचलं आणि वेळ निवडली दुपारची. आमच्याकडे दुपारी एक ते चार कोण काय करतं? पोसरें, म्हणजे दुकान, बंद, रस्त्यावर माणूस नाही, शीत-हुमण, म्हणजे भात-कालवण, जेवून सगळा गाव आडवा. वेगळी पाटी कशाला लावायची, कोणाला सांगत कशाला फिरायचं? एकच्या आधी नक्कल सुरू करून दिली, कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, खोलीला कुलूप लावलं, चावी नेहमीसारखी शेजारच्या पोसरेंवालीकडे ठेवली आणि मीही घरी जाऊन झोपलो.

सगळं घर झोपतं तीच वेळ वयनीला मोकळी मिळत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. भांडी आवरून ती आली, पोसरेंवालीला उठवून चावी घेतली, आपलं नाव घालून आपलं घर उघडलं. माझी नक्कल मागे चालूच होती, ती तिला दिसणार नव्हती. तिच्या घराची नक्कल एव्हाना होऊन गेली होती. तिने तिसरा अंक पुरा केला तो जुन्या घरात. चहाच्या वेळेआधी ती परत गेली.

चार वाजता मी आलो. नक्कल पूर्ण झालेली. दोन-चार फोल्डर उघडून पाहिले, फोटो दिसले, भजनं वाजली. घरं आता इकडे, असं यंत्राला एका ओळीत लिहून दिलं आणि ते पुन्हा सुरू केलं. सगळं सुरळीत. जुनी घरं काही दिवस तशीच ठेवा, असंही पुस्तक सांगत होतं. मी ती त्याच संध्याकाळी पुसली. जागा हवी होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे पुढच्या खोलीत जाऊन "झालं!" असं म्हणायचं होतं. आणि मी तसं म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वयनी आली, बसली, आणि जरा वेळाने तिने हाक मारली.

"भाऊ, तिसरो अंक अर्दोच दिसता."

"बाकीचा कधी लिहिला होता?"

"काल दनपारां. सगळीं निजलेलीं, म्हूण आयलें."

दनपारां, म्हणजे दुपारी. तिचं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं. पुढच्या खोलीतल्या दोघांनी वर्तमानपत्रं खाली केली होती. आदल्या संध्याकाळी मला शाबासकी देणारे तेच ते. मी म्हणालो, "वयनी, सेव्ह करायचं राहिलं असेल."

"केलेलें मरे." मग तिने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "केलेलें अशें दिसता."

"चुलीर शीत दवरून आयलीस आसतली!" बाहेरून एक जण म्हणाला, चुलीवर भात ठेवून घाईत आली असशील अशा अर्थाने.

ती हसली. "तशेंच जालें आसतलें. म्हज्याच हातान गेलें."

त्या घटकेला यंत्र बंद करून ती जुनी डिस्क काढली असती तर पुसलेल्यातलं काही परत मिळवता आलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण का काढतो ते सांगावं लागलं असतं. मी यंत्र चालू ठेवलं, लोक त्यावर काम करत राहिले आणि पुसलेल्या जागी नवं लिहिलं जात गेलं.

वयनीने तिसरा अंक पुन्हा लिहिला, वहीत. जत्रेला नाटक झालं आणि छान झालं, हे मला आनंदाने सांगता येतं. मंडप भरला होता, हळर्णहून, चोपड्याहून माणसं आली होती, बायका बोलत होत्या तेव्हा पुरुष गप्प बसून ऐकत होते. शेवटी नाटकातली सून घर सोडत नाही, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येते. लोकांनी डोळे पुसले. मी रंगपटात जाऊन वयनीचं कौतुक केलं तेव्हा आपल्या भूमिकेसाठी तोंडाला लावलेला रंग पुसता पुसता ती म्हणाली, "पयलीं लिहिलेलें तेंत ती वतली. भायर सरून सरळ वतली. ती थंय कितें उलयताली तें मागीर याद जालेंच ना." पहिल्या नाटकात सून निघून गेली होती, आणि जाताना ती काय बोलली ते वयनीला पुन्हा आठवलंच नाही. ते शब्द जगात फक्त एकदा लिहिले गेले आणि मी ते पुसले.

वयनी पुन्हा त्या यंत्रावर बसली नाही. गावात मात्र थट्टा राहिली. फुगडीला जमल्या की बायका तिला विचारायच्या, "सेव्ह केलें मगो?" आणि ती स्वतःच सर्वांत मोठ्याने हसायची. मी तिथे असलो की मीही हसत असे.

बाकी माझं बरं चाललं आहे. त्या वेगळ्या भागाने आपलं काम चोख केलं. पुढे यंत्रणा अनेकदा पुसून नवी घातली, यंत्रही बदललं, पण घरं जशीच्या तशी राहिली. ज्या मुलींचे प्रकल्प त्यात होते त्यांची मुलं आता तिथे येतात आणि मला आजोबा म्हणतात. सकाळी पाव-चहा, मग वाचनालय, दुपारी झोप. असं म्हातारपण सगळ्यांना मिळत नाही.

वयनी आता डिचोलीला मुलाकडे राहते. परवा मी तिच्याकडे गेलो, हे सगळं तिला सांगायला, तेवढ्यासाठीच गेलो. पिशवीत आमच्या झाडाचा नीरफणस होता. तिने चहा केला, गावातल्या एकेकाची चौकशी केली. तिची सून म्हणाली, "आईंना कितीदा सांगितलं, मोबाईलवर लिहा. ऐकतच नाहीत."

"नाका गे," वयनी म्हणाली. "म्हज्या हाताक तें सोसना. हांव सगळें घालयतां." आपल्या हातून सगळं हरवतं, असं.

मी कप खाली ठेवला. सून बसली होती, वयनी नीरफणसाच्या कापांना रवा लावून भाजायच्या गोष्टी करत होती. मी कप परत उचलला. बसस्टँडपर्यंत तिचा मुलगा सोडायला आला.

बसमध्ये मात्र सांगायचे शब्द नीट जुळले. वयनी, तुम्ही सेव्ह केलं होतं. तुमच्या हाताने काही गेलं नाही, कधीच गेलं नव्हतं. तो अंक पुरा होता आणि तुम्ही ठेवला तिथेच होता. न सांगता घरं मी हलवली, जुनं मी पुसलं, आणि चार माणसांसमोर दोष तुमच्यावर घातला. ती सून बाहेर पडली तेव्हा काय म्हणाली, ते आता कोणालाच कळणार नाही, ते माझ्यामुळे. वयनी, मला माफ करा.