मी न गायलेला अभंग

ज्या अनुभवाबद्दल लिहायला बसले आहे, तो मला आला की इतरांना, हेच मला अजून धड सांगता येत नाही. आमच्या मंडळातल्या बायका म्हणतात, तो तुम्हाला आला. मी म्हणते, मला तर काहीच कळलं नाही. देवाची कृपा झाली की ज्याच्यावर झाली त्याला तरी ती कळत असेल, अशी माझी समजूत होती. तीही आता राहिलेली नाही.

केंदूरला आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. शेतातली कामं उरकून, चुलीपाशी जायच्या आधी आम्ही मारुतीच्या देवळात जमतो. कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत निम्म्या बायका कंबर धरून येतात आणि टाळ हातात आला की कंबर विसरतात. शास्त्रशुद्ध गाणं कुणीच शिकलेलं नाही. अभंगाचा चरण मी एकटीनं म्हणायचा आणि बाकीच्यांनी मागे ध्रुपद धरायचं, अशी आमची रीत. शैला पेटी वाजवते. सगळ्यांत वडीलधाऱ्या सुमनआक्का टाळकऱ्यांच्या पुढे बसतात. पखवाजाला मात्र आप्पा, कारण पखवाज मांडीवर घ्यायला एकही बाई तयार झाली नाही. मंडळाचा आणखी एक दंडक आहे, तो कुणी घातला ठाऊक नाही. चरण म्हणणारी बाई समोर बसली असताना दुसरीनं चरण घ्यायचा नाही. म्हणजे दुसरीच्या वाढलेल्या ताटात हात घातल्यासारखं होतं. मला हा दंडक फार आवडायचा. का आवडायचा, ते सांगायला नको.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. आवाजाची शीर गाठीला अगदी लागून आहे, जपूनही तिला धक्का बसू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. गाठ साधी निघाली, घरात पेढे वाटले गेले, आणि माझ्या तोंडून मात्र नुसती फुसफुस येऊ लागली. आवाज परत येईलही, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझं देवाशी रोजचं भांडण तिथून सुरू झालं. जमीनजुमला, सोनंनाणं मी त्याच्याकडे कधी मागितलं नव्हतं. माझ्याकडे जे होतं त्यातलं नेमकं त्याच्याच कामाचं तेवढं त्यानं काढून नेलं. हा कुठला न्याय, असं मी मनातल्या मनात विचारायचे. मोठ्यानं विचारायची सोयही राहिली नव्हती.

तरी मी रोज देवळात जायचे आणि माझ्या जागेवर बसायचे. मी बसलेली असताना चरण कुणी घेईना, त्यामुळे अभंगच बंद पडले. नुसता नामाचा गजर व्हायचा आणि बायका उठायच्या. हळूहळू एकेकीला घरी कामं निघायला लागली. मी घरी राहिले असते तर शैलानं चरण घेतला असता, तिचा गळा चांगला आहे. हे मला कळत होतं, पण पाय घरी राहायला तयार नव्हते. एके दिवशी सुमनआक्कांनी तोंडावरच विचारलं, "अगं, तू जागा सोडंना, आन् तुला गाता बी यीना. आमी करावं तरी काय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

अशात सुमनआक्कांच्या माहेरचा सप्ताह आला. दौंड तालुक्यात, भीमेकाठी त्यांचं गाव आहे. तिथल्या दुपारच्या भजनाचा शब्द आम्ही माझ्या ऑपरेशनच्या आधीच देऊन बसलो होतो. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून जायचं ठरलं, पण एवढं झालं की मंडळ बंद करायचं, असं बायका आपसांत बोलत होत्या. न्हावऱ्यामार्गे निघालेल्या आमच्या गाडीत एरवी गाण्यांनी कान किटतात. त्या दिवशी सगळ्या खिडकीबाहेरचा ऊस बघत बसल्या होत्या. मी मनात एकच धोशा लावला होता. देवा, आजच्यापुरता आवाज दे, नाहीतर या बायकांचं भजन माझ्यापायी सुटेल.

मांडवात गजर झाला. शैलानं सूर दिला, आप्पांनी अभंगाचा ठेका धरला आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. माईक माझ्याच समोर होता. मी तोंड उघडलं आणि शिट्टी न होणाऱ्या कुकरमधून निघावी तशी नुसती हवा बाहेर पडली. लाजेनं माझे कान तापले. चरण म्हणणारी अडखळली की ती सावरेपर्यंत ध्रुपद सोडायचं नाही, ही आमची शिकवण. बायकांनी ध्रुपद उचललं आणि पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा तेच घोळवत राहिल्या. मी डोळे मिटून घेतले आणि चरणाचे शब्द ओठांनी नुसते पुटपुटायला लागले.

आणि स्पीकरवरून चरण ऐकू आला. स्वच्छ, माझ्याच चालीत. मला वाटलं, शैलानं दंडक मोडला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. पण जिथे मी श्वास घेते तिथेच तो आवाज थांबला, ज्या अक्षरावर मी रेंगाळते त्याच अक्षरावर रेंगाळला. मग राग कुठे गेला कळलं नाही. ज्याला गायचं त्याला गाऊ दे, आपण शब्द सोडायचे नाहीत, एवढंच मनात राहिलं. अभंग संपला तेव्हा माझा पदर भिजलेला होता.

पंगतीत सुमनआक्का उष्ट्या हातानंच माझ्याजवळ आल्या. "आला गं बाई तुझा आवाज!" म्हणून रडायला लागल्या. मी गोंधळले. शैलाला बाजूला घेऊन कुजबुजत विचारलं, तू गायलीस ना? ती दचकलीच. "काकू, देवाशप्पथ न्हाई. तुमचा आवाज कच्चा, म्हणून मी मागनं हलक्यानं धरत व्हते. चरण तर तुमीच म्हणत व्हता." मग मी एकेकीला विचारत सुटले. प्रत्येकीचं उत्तर तेच. गायलात तुम्हीच, आम्ही फक्त हळूच आधार दिला. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "पखवाजापुढं मला काय आयकू येतंय व्हय?" कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. सूनबाई ऐकून म्हणाली, आई, हा तुमचाच आवाज. आमचे हे म्हणाले, छे, ही कुणी दुसरीच बाई आहे. स्पीकर इतका घरघरत होता की मला काहीच ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात कुणी नाही असं बघून मी गाऊन पाहिलं. फुसफुसच. म्हैस तेवढी मान वळवून बघायला लागली. मला हसू आलं आणि रडूही. द्यायचाच होता तर परत का नेला? आणि दिलाच नव्हता तर मग गायलं कोण? मागितलं होतं मीच, आजच्यापुरता दे म्हणून. त्यानं माझा शब्द असा अक्षरशः धरला असेल का? फार दिवस मी याचा गुंता सोडवत बसले. जितका सोडवावा तितका तो जास्त आवळला.

त्यानंतर देवळात जमलो तेव्हा बायका झाडून सगळ्या आल्या होत्या. शैलानं सूर दिला. मी कुजबुजत म्हटलं, "हलक्यानं धरा गं मागनं." आणि तोंड उघडून शब्द नुसते ओठांवर आणले. चरण सुरू झाला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते. सगळ्यांचे ओठ हलत होते, अगदी हळू, एकमेकींच्या नकळत. आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी गाते आहे अशा विश्वासानं. त्यांच्यातली एकही खोटं बोलली नव्हती. भीमेकाठचा आवाज एकटीचा होता, असं मी आजही सांगेन. तो कसा झाला, ते मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

भजन संपल्यावर सुमनआक्का म्हणाल्या, "बघ, आज बी आला." मी पहिल्यांदाच मान हलवून हो म्हटलं.

डॉक्टर अजूनही येईलही, येणारही नाही असंच म्हणतात. मी देवाकडे आवाज मागायचं सोडलं आहे. संध्याकाळी देवळात जाते, माझ्या जागेवर बसते आणि तोंड उघडते.