भिंतीवर हरवलेले प्रमाणपत्र

आमच्या घरात महत्त्वाच्या कागदाची व्याख्या सोपी आहे: ज्याला प्लास्टिक लागले, तो महत्त्वाचा. रेशन कार्ड, साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला, कुलदैवताची आरती आणि विहिरीवरच्या मोटारीचे वॉरंटी कार्ड ही सगळी मंडळी कळंबच्या घरी लॅमिनेट होऊन बसली आहेत. वॉरंटी संपून बरीच वर्षे झाली; कार्ड मात्र कालच छापल्यासारखे आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांच्या मते कागदाचे शत्रू तीन: पाणी, वाळवी आणि नातेवाईक. पहिल्या दोघांवर प्लास्टिक चालते.

धाकट्या बहिणीचे विज्ञान शाखेचे पदवी प्रमाणपत्र ज्या दिवशी घरी आले, त्याच दिवशी आबा ते घेऊन इंदापूरला गेले. दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक चढवून, वर काचेची फ्रेम करून ते परतले आणि बैठकीच्या खोलीत कॅलेंडरशेजारी त्यांनी ते टांगले. तिथे ते आठ वर्षे होते. त्या आठ वर्षांत ते कोणीही मागितले नाही. सगळीकडे गुणपत्रिकेची झेरॉक्स चालली.

बहीण बारामतीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. दर जूनला शाळा तिला नेमणुकीचे नवे पत्र देई. त्यातले ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हे शब्द तेवढे जुनेच असत. आठव्या जूनमध्ये तिने मस्कतच्या एका शाळेला अर्ज केला, मोबाइलवर मुलाखत दिली आणि तिकडून नेमणुकीचे पत्र आले. ते तिने मला दोनदा वाचून दाखवले. त्यात ते शब्द नव्हते. अट एकच होती. पदवीच्या मूळ प्रमाणपत्रावर राज्य शासनाचा आणि परराष्ट्र खात्याचा शिक्का हवा, महिनाअखेरीपर्यंत हवा. त्याशिवाय व्हिसा नाही.

अशी शिक्क्यांची कामे करणारा एक एजंट बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला बसतो. बहिणीने त्याला प्रमाणपत्राचा फोटो दाखवला.

“ह्यात ट्यूबलाइट कशी दिसतीया, ताई? लॅमिनेशन केलंय व्हय?”

“हो. वडिलांनी.”

“मंग शिक्का मारायचा कुठं? प्लास्टिकवर?”

“ते काढता येत नाही का?”

“येतं की. प्लास्टिक निघतं, आन् त्याच्यासंगं विद्यापीठाचा शिक्का बी निघतो. कोरा कागद घिऊन जावा मग मस्कतला.”

उपाय त्याच्याकडे तयार होता. प्रमाणपत्र हरवले असे सांगायचे, पोलिसांत नोंद करायची, पेपरात सूचना द्यायची, प्रतिज्ञापत्र जोडायचे आणि विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागायची.

“पण ते हरवलेलं नाही,” बहीण म्हणाली.

“आवो, कागदोपत्री हरवायचं. घरात ऱ्हाऊ द्या की टांगलेलं. त्येला कुठं कळतंय?”

त्या काळात मी एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात बातमीदार होतो. ‘हरवले आहे’ या सदरातल्या सूचना छपाईला जाण्याआधी माझ्या नजरेखालून जात. लोक एवढे निष्काळजी कसे, असे मला त्या वाचताना वाटत असे. ही सूचना मी स्वतः लिहिली. व्याकरणाची एकही चूक नव्हती. बाकी सगळी चूक होती.

आधी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी कुठे हरवले ते विचारले. बहिणीने माझ्याकडे पाहिले.

“इंदापूर-बारामती एसटीत,” मी म्हणालो.

“कंच्या गाडीत?”

“सकाळच्या.”

“पर्स, मोबाइल?”

“ते आहे.”

“फक्त सर्टिफिकेट गेलं? चोर शिकलेला दिसतोय.” त्यांनी लिहून घेतले आणि शिक्का मारला. लॅमिनेशन नसल्यामुळे तो स्वच्छ उमटला.

आबांना आम्ही काही सांगितले नाही. त्यांना वाईट वाटेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले. खरे म्हणजे ते काय म्हणतील ते आम्हाला ठाऊक होते आणि ते ऐकण्याची आमची तयारी नव्हती.

सूचना तिसऱ्या दिवशी पाचव्या पानावर आली. वर घर-जमिनीच्या नोटिसा, खाली शिवणयंत्राची जाहिरात. तालुक्यात आमचे पाचवे पान कोणी वाचते का, हा आमच्या कार्यालयातला जुना वाद होता. त्याचा निकाल त्या सकाळी लागला. शेळगावचे आमचे मामा पेपर पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. भाचीचे नाव दिसताच त्यांनी मोटारसायकल काढली आणि प्रमाणपत्र कुठे, कसे शोधायला मदत करावी हे विचारायला ते थेट कळंबला पोचले. बैठकीत बसले आणि समोर पाहिले.

पुढचे मला दोघांकडून वेगवेगळे कळले. मामांनी भिंतीकडे बोट केले आणि आबांनी पेपरकडे, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे. मामा चहा न घेता उठले. त्यांनी फ्रेमचा फोटो काढला, पोलीस ठाणे गाठले, हवालदारांना तो दाखवला आणि मग मला फोन केला.

“काय काळजी करू नका. सापडलं! घरातच हुतं. पोलिसास्नी बी सांगून आलोय, उगं त्यांना एसट्या धुंडाळाय लावू नगा.”

मामांनी हाती घेतलेले काम अर्धवट सोडल्याचे आजवर ऐकिवात नाही.

दहा मिनिटांनी हवालदारांचा फोन आला. “का हो, तुमची एसटी कळंबला बैठकीच्या खोलीत थांबती का? उद्या या आन् लिवून द्या. न्हायतर मग मला लिवावं लागंल.”

आम्ही दुपारीच कळंबला गेलो. आबा खाटेवर बसले होते. पेपर चार घड्या घालून मांडीवर ठेवला होता.

“मी आणलं, मी टांगलं,” ते म्हणाले. “आन् ते हरवलं हे मला पेपरात वाचाय मिळतंय.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, आबा,” बहीण म्हणाली.

“कशाचं वाईट?”

तिने फ्रेमकडे बोट केले. मग म्हणाली, “तुमच्या त्या प्लास्टिकपायी माझा व्हिसा अडलाय. महिना संपला की जागा जाईल.”

आबांनी फ्रेमकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“मंग हे मला सांगायचं. पोलिसाला कशापायी सांगितलं?”

आबा खुर्चीवर चढले, फ्रेम काढली, मागचे चुके पकडीने उपटले आणि प्रमाणपत्र पिशवीत घातले. “चला. कुठं न्यायचं?”

दुसऱ्या दिवशी आधी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतली. “सापडलं ते बरं झालं,” हवालदार आबांना म्हणाले, “फक्त पुढच्या वेळी हरवायच्या आधी घरात इचारायला सांगा.” तिथून पुण्याला विद्यापीठात गेलो. खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र पाहिले आणि एक छापील अर्ज सरकवला. खराब झालेल्या प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज असतो. मूळ प्रत जमा करायची, नवी मिळते. पोलीस नको, पेपर नको, प्रतिज्ञापत्र नको. हा मार्ग आधीपासून होता. एजंटाने तो सांगितला नव्हता, कारण त्यात एजंट लागत नाही. आणि रोज दहा जणांना दहा प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या मी खिडकीवर जाऊन एक प्रश्न विचारला नव्हता.

बाईंनी अर्ज भरताना विचारले, “खराब होण्याचं कारण?”

“लिवा,” आबा म्हणाले, “बापानं लई जपलं.”

बाईंनी ‘लॅमिनेशन’ असे लिहिले. मग प्रमाणपत्र पंचिंग मशीनमध्ये धरले. प्लास्टिक जाड होते. दोन हातांनी दाबावे लागले. नावाच्या अगदी वरती दोन भोके पडली.

“हे मला माघारी मिळंल का, बाई?”

“रद्द झालेला कागद परत देत नाही आम्ही, काका.”

आबांनी मान हलवली. येताना एसटीत त्यांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली.

पंधरा दिवस सांगितले होते. पाच आठवडे लागले. महिनाअखेर मध्येच कधी तरी येऊन गेली. त्या दिवशी बहिणीने मस्कतच्या मुख्याध्यापिकांना मेल लिहिली. एसटी, हवालदार, मामा, काहीही न वगळता. मी ती तपासायला मागितली तर तिने दिली नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे दरवर्षी दोन-तीन येतात, त्यांनी लिहिले होते, आणि तीही आईवडिलांनीच केलेली असतात. दहावीचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला द्यावा लागला. सहावीला विज्ञान शिकवायची तयारी असेल, तर सुट्टीनंतर रुजू व्हावे. बहिणीने नवे पत्र शेवटपर्यंत वाचले. ‘तात्पुरते’ त्यातही नव्हते. तिने तासाभरात होकार कळवला.

नवे प्रमाणपत्र तिने कळंबला आणलेच नाही. साध्या पाकिटातून ते थेट शिक्क्यांना गेले. व्हिसा आला आणि ती गेली. निघायच्या दिवशी आबांनी एकदाच विचारले, “त्या कागदाला मागं शिक्का बसला का नीट?” तिने पाकीट उघडून दाखवले. आबांनी हात मागे बांधून पाहिले. कागदाला बोट लावले नाही.

बैठकीत कॅलेंडरशेजारी आता नुसता खिळा आहे आणि त्याखाली चुन्याचा एक चौकोन बाकीच्या भिंतीहून पांढरा. आठ वर्षे ज्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलेही नाही, ते आता आल्या आल्या ते कुठे गेले म्हणून विचारतात. दिवाळीला शेळगावहून मामा आले. बसले, समोर पाहिले आणि आवाज खाली करून म्हणाले, “दाजी, आता खरंच हरवलं व्हय?”

“न्हाय,” आबा म्हणाले. “कामाला गेलं.”